विसरेपर्यंतची वीस मिनिटं

गोळ्यांची एक पट्टी अजून माझ्या कपाटाच्या वरच्या खणात आहे. दहातल्या आठ गोळ्या शिल्लक आहेत. आई गेल्यावर तिची बाकी सगळी औषधं, उरलेले गॉजचे गठ्ठे, मलमाच्या न उघडलेल्या नळ्या मी एका पिशवीत भरून दवाखान्यात देऊन आले. ही पट्टी मात्र पिशवीत टाकता टाकता बाजूला ठेवली. दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या होत्या त्या. त्या उरल्या, कारण मी त्या आईला दिल्या नाहीत. एवढं साधं वाक्य लिहायला मला सहा महिने लागले.

आई श्रीरामपूरला एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती. तीस वर्षं तिनं तेच काम केलं. वडील मी लहान असतानाच गेले. त्यामुळे शाळा सुटली की मी घरी न जाता दवाखान्याच्या व्हरांड्यात यायचे आणि आईची ड्यूटी संपेपर्यंत बाकावर पुस्तक घेऊन बसायचे. समोरचं दार बंद असायचं. दारामागे बायका ओरडत असायच्या. आईला, देवाला हाका मारायच्या, नवऱ्याला शिव्या घालायच्या. आणि त्या सगळ्या कल्लोळावरून माझ्या आईचा आवाज यायचा, ठणठणीत, जणू बाजारात कुणाला हाक मारतेय असा: “इसरशील बाई! सगळ्या इसरत्यात!”

मी पान उलटायचे. मला त्या ओरडण्याची भीती वाटायची नाही. आईनं सांगितलेलं होतं ना, की हे सगळं पुसलं जाणार आहे. फळा पुसल्यासारखं.

आई बाहेर आली की तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, नखांच्या बारीक चंद्रकोरी उमटलेल्या असायच्या. पदर हाताला गुंडाळून ती तो हात बायकांना धरायला द्यायची, तरी नखं आत रुतायचीच. नव्या आलेल्या नर्स तिला हसायच्या. “मावशी, पलंगाला गज कशाला दिलेत? गज धरू द्या की त्यांना.”

“गज गार लागतो,” आई म्हणायची.

घरी आल्यावर ती हाताला खोबरेल चोळत बसायची. मी विचारायचे, “आज कोण होती?”

“सोनईकडची. लई ताकदीची बया. कांदं उपटून उपटून पंजे असे झालेत तिचे.”

“ती विसरेल?”

“न्हाई तर काय! दोन वर्सांनी परत येती का न्हाई बघ.”

पुढे मी शिकले आणि नगरला एका कॉलेजात ग्रंथपाल झाले. लग्नाचं एकदा जमता जमता राहिलं, मग कुणी जमवायच्या फंदात पडलं नाही. पुस्तकांच्या संगतीत आयुष्य गेलं. जे दुःख माणसाला पुढे आठवतच नाही त्याला काही अर्थ आहे का, या प्रश्नावर विद्वानांनी लिहिलेलंही त्यात कधीतरी वाचलं. पानंच्या पानं होती. वाचताना मला मनातून हसू यायचं. आमच्या आईनं हे दोन शब्दांत मिटवून टाकलंय, असं वाटायचं. जे विसरलं ते संपलं. हे मी इतकं पक्कं धरून चालले होते, की माझ्यावर वेळ आली तेव्हा मी थांबून विचारसुद्धा केला नाही.

आईचं विसरणं हळूहळू आलं. पंचाहत्तरी ओलांडल्यावर श्रीरामपूरच्या शेजारणीचा फोन आला, की मावशी एकाच दिवशी तीनदा दळण टाकायला गेल्या, तिसऱ्यांदा रिकामा डबा घेऊन. मग मी तिला नगरला माझ्याकडे आणलं. इथे ती मला सकाळी ओळखायची आणि दुपारी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारायची. चहा पिऊन कप खाली ठेवला की चहा मागायची. अशी माणसं संध्याकाळी जास्त गोंधळतात, असं ऐकते. आईचं उलटं होतं. दुपार कलली, पाच वाजता तिच्यासमोर चहा आणि बिस्किटं ठेवली, की ती माझी आई व्हायची. दीड-दोन तास. मला लहानपणच्या लाडक्या नावानं हाक मारायची, माझे केस पांढरे झालेले बघून हळहळायची आणि वॉर्डातल्या गोष्टी सांगायची. एका बाईच्या कळा ऐकून तिचा नवरा व्हरांड्यात भोवळ येऊन पडला आणि तिच्याआधी त्यालाच सलाईन लावावं लागलं, ही तिची सर्वांत आवडती. “अन् ती आतून वरडतीय, ‘त्याला सोडा, मला बघा!’” एवढं सांगून ती स्वतःच हसत सुटायची. मी ती गोष्ट शंभरदा ऐकली असेल. शंभरदा हसले. खोटं हसावं लागलं नाही. निवृत्त झालेल्या एकट्या बाईच्या दिवसात दुसरं होतं काय? सकाळपासून मी त्या दीड-दोन तासांची वाट बघायचे.

मग एका सकाळी मी आंघोळीला गेले असताना आईनं दूध तापत ठेवलं. ओट्याशी स्टूल ओढून बसली आणि उकळी आलेलं पातेलं स्वतःकडे ओढलं. उजवी मांडी गुडघ्यापर्यंत भाजली. पाच दिवस दवाखान्यात ठेवून डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. “जखम भरेल,” ते म्हणाले, “पण या वयात वेळ लागतो. ड्रेसिंग रोज बदलावं लागेल आणि ते दुखतं. त्याच्या अर्धा तास आधी ही गोळी द्या. झोप फारच आली तर येऊन सांगा, काहीतरी बदल करू.”

ड्रेसिंगला त्याच दवाखान्यातला एक तरुण यायला लागला. दुपारी ओपीडी बंद असायची त्या वेळात, चार वाजता, मोटारसायकलवरून. कामाला हलका, बोलायला कमी. रमजान सुरू झाला तेव्हा मी सवयीनं चहा विचारायचे आणि तो “रोजा हाय, ताई” म्हणून हसायचा. उपाशीपोटी, उन्हातून यायचा, पण त्यानं एक दिवस चुकवला नाही.

पहिले दोन दिवस मी साडेतीनला गोळी दिली. ड्रेसिंग होताना आई नुसती कण्हली, गुंगीतच. पण नंतर ती जी झोपली ती दुसऱ्या सकाळपर्यंत. पाचचा चहा समोर निवून गेला. मी तिच्या पलंगाशी पुस्तक घेऊन बसले आणि एक ओळही वाचली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. घर इतकं रिकामं मला ती यायच्या आधीही कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी गोळी दिली नाही.

“गोळी दिली का, ताई?” हात धुताना त्यानं विचारलं.

“दिली,” मी म्हणाले.

ते ‘दिली’ पुढे सात आठवडे चाललं. डॉक्टरांनी येऊन सांगायला सांगितलं होतं. मी गेले नाही. गेले असते तर त्यांनी दुसरी गोळी दिली असती, आणि तिनंही झोप आली असती तर? माझ्या मनाशी उत्तर तयार होतं. वीस मिनिटांचं दुखणं, आणि दहा मिनिटांत तिला त्यातलं काही आठवणारही नाही. सगळ्या विसरतात.

गॉज जखमेला चिकटलेलं असायचं. तो सलाईनचं पाणी सोडत सोडत ते सोडवायचा, पण शेवटचा तुकडा ओढावाच लागायचा. तिसऱ्या दिवशी मी तिथे उभी राहिले. चौथ्या दिवसापासून मी चार वाजता गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला जाऊ लागले. जाण्याआधी आईच्या डोक्यावरून हात फिरवून सांगायचे, “थोडं दुखेल आई. मग विसरशील.”

एकदा तिनं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. “अन् तवर?” तिनं विचारलं.

“आलेच मी,” असं म्हणून मी जिना चढले.

गच्चीवर सगळं ऐकू यायचं. मी एकेक कपडा झटकून काढायचे. चादरींच्या घड्या घालायचे, मोडायचे, परत घालायचे. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला की खाली यायचे. आई उशीला टेकून बसलेली असायची. कपाळावरचे केस घामानं चिकटलेले, गाल ओले. पण आपण कशानं रडत होतो ते तिला ठाऊक नसायचं. मी ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसायचे, केस विंचरायचे. पाच वाजता चहा.

“हे काय बांधलंय?” ती मांडीवरच्या पट्टीला हात लावून विचारायची.

“भाजलं होतं.”

“कुनाला?”

“तुला.”

“आगं बया! दुखलं आसंल.”

“हो.”

“बरं झालं, मला आठवत न्हाई,” असं म्हणून ती बिस्कीट चहात बुडवायची.

हे आमचं बोलणं जवळजवळ रोज व्हायचं. ते ऐकलं की माझ्या छातीवरचा दगड उतरायचा. बघ, मी स्वतःला सांगायचे, तीच म्हणतेय. मग तो भोवळ आलेला नवरा यायचा आणि आम्ही दोघी हसायचो.

सात आठवड्यांनी जखम भरली. खाली नवी गुलाबी कातडी आली, तान्ह्या बाळाच्या अंगासारखी तुकतुकीत. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. म्हणाले, घरच्या माणसानं नीट केलं म्हणून झालं हे. त्यानंतर सहा-सात महिने आई चांगली होती. दिवाळीच्या थोडं आधी छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली. शेवटचे दोन दिवस तिला शुद्ध नव्हती. तिला दुखत असल्यासारखं दिसत नव्हतं, हे मला लिहायचं आहे. पण दिसत नव्हतं म्हणजे काय, हेही आता मला नीट सांगता येत नाही.

आमच्यात गेलेल्या माणसासाठी जलदानाचा विधी करतात. पांढऱ्या साड्या नेसून बायका जमल्या, फोटोंपुढे मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. श्रीरामपूरहून आईच्या वेळच्या दोन नर्स आल्या होत्या. त्यांच्याकडून कळलं म्हणून सोनईची एक बाई एसटीनं एकटीच आली होती. सत्तरीच्या पुढची, वाळलेली, पण पंजे मोठे. जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

“बाकावर पुस्तक घिऊन बसायची ती पोर तूच ना?” ती म्हणाली. “माझी दोन्ही बाळतपनं तुझ्या आयच्या हातावर झाली. पैल्या येळंला तर म्या तिचा हात सोलून काढला हुता.”

सुतकाच्या घरात असं कुणी विचारत नाही, पण मी विचारलं. “त्या वेळचं दुखणं आठवतं का हो, मावशी?”

“न्हाई बा. लई दुखलं एवढं ठावं हाय. पर कसं दुखलं, ते आता आनू म्हनलं तरी येत न्हाई.”

“आई म्हणायचीच, सगळ्या विसरतात.”

“व्हय, ते वरडायची ती. मोठ्यानं. भायेर सासू नायतर आय बसलेली आसायची ना, तिला ऐकू जायला पायजे, तिचा धीर सुटू नये म्हनून.” ती हसली. पदरानं डोळे पुसले. “अन् मग खाली वाकायची, कानापाशी. म्हनायची, ‘इसरशील तवा इसरशील. आत्ता तर दुखतंय ना? तवर माझा हात धर.’”

मी खिरीची वाटी तिच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे बऱ्याच बायका होत्या, म्हणून मागच्या दारी गेले.

इतकी वर्षं मी बाकावर बसून अर्धंच ऐकलं होतं. दाराबाहेर अर्धंच येत होतं. जे बाहेरच्यांसाठी होतं ते. आत, जिला दुखत होतं तिला, आई वेगळं सांगत होती. आणि त्या दिवशी मी गच्चीवर जाण्याआधी तिनं मला “अन् तवर?” असं विचारलं, तेव्हा ती कोडं घालत नव्हती. तिला त्याचं उत्तर तीस वर्षं पाठ होतं. माझ्याकडून तिला तेवढंच हवं होतं.

पुढचे काही आठवडे मी स्वतःशी वाद घालत राहिले. वाचणाऱ्या माणसाला ती खोड असते. विसरलेलं दुखणं काहीच नव्हे, असं मी धरून चालले होते. पण मग आमच्या संध्याकाळी? त्याही ती विसरतच होती. चहा, हसणं, माझं ते लाडकं नाव, सगळं रात्रीच्या जेवणापर्यंत गेलेलं असायचं. विसरलं ते झालंच नाही असं म्हणायचं, तर त्या संध्याकाळीही झाल्या नाहीत. मग मी कशासाठी गोळी बंद केली होती? आणि ती हसली ते खरं होतं, तेव्हा तिला बरं वाटलं एवढं पुरे, असं म्हणायचं, तर चार वाजताची वीस मिनिटंही तितकीच खरी होती. एका माणसाच्या एका दिवसातला एक तुकडा घ्यायचा आणि एक टाकायचा, हे मला कुठल्याच पुस्तकाच्या आधारानं जमेना.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली, फार उशिरा. तुम्हाआम्हाला दुखतं तेव्हा आठवणच आपल्याला सोबत करते. कालही दुखलं होतं, काल थांबलं, आजही थांबेल. आईला ‘काल’ नव्हता. तिच्यासाठी प्रत्येक ड्रेसिंग पहिलंच होतं. कुणीतरी अनोळखी माणूस आपल्या मांडीची कातडी ओढतोय आणि ते का, किती वेळ, हे सांगणारं जवळ कुणी नाही. विसरण्यानं तिचं दुखणं हलकं होत नव्हतं. रोज ते नव्यानं, पूर्णच्या पूर्ण, तिच्यापुढे येत होतं.

औषधांची पिशवी घेऊन मी दवाखान्यात गेले तेव्हा दुपार होती. तो तरुण कपाटात गॉज लावत होता. मला बघून खुर्ची पुढे सरकवली. आईची चौकशी अशी काही राहिली नव्हती, पण त्यानं तिच्याबद्दलच बोलायला सुरुवात केली. “आजी लई सोसायच्या, ताई. गोळी दिऊनसुद्धा एवढं दुखणारा पेशंट मी पायला न्हाई.”

मी म्हणाले, “गोळी मी देत नव्हते.”

त्याचा हात कपाटातच थांबला.

“पहिले दोन दिवस दिली. नंतर तुम्हाला खोटं सांगत होते. गोळी घेतली की ती झोपून जायची. संध्याकाळी ती माझ्याशी बोलायची, म्हणून.”

तो रागावेल असं मला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघत गठ्ठ्याच्या कडा जुळवत राहिला. मग म्हणाला, “मला म्हणायचं ना, ताई. मी सकाळी आलो असतो. माझं घर तुमच्या मागच्याच गल्लीत हाय. साताला केलं असतं ड्रेसिंग. दुपारपर्यंत झोपल्या असत्या, अन् संध्याकाळी बसल्या असत्या बोलत.”

एवढं सोपं होतं ते. नुसतं विचारायचं होतं.

मी उठले. दारापर्यंत जाऊन परत फिरले. “ती काही म्हणायची का हो, ड्रेसिंग चालू असताना?”

“काय न्हाई. पेशंट म्हणतात तेच.”

त्यानं नजर चुकवली ते मला दिसलं. “सांगा,” मी म्हणाले.

त्यानं पिशवी उचलली, परत टेबलावर ठेवली. “हात पुढं करायच्या, ताई. माझ्या बाहीला धरायला बघायच्या अन् मग सोडून द्यायच्या. म्हणायच्या, ‘लेकरा, तुझं दोन्ही हात कामात हायेत. मी कुनाचा धरू?’”

“रोज?”

“रोज. आपण पैल्यांदाच इचारतोय, असं.”

रस्त्यावर ऊन होतं. मी घरी आले आणि चप्पलही न काढता तशीच गच्चीवर गेले. दोरी रिकामी होती. वर आल्यावर मला आठवलं, की त्या सात आठवड्यांत मी रोज चार वाजता इथून कपडे काढून नेत होते, आणि दुपारच्या जेवणानंतर धुतलेले ते कपडे बहुतेक वेळा ओलेच असायचे. ते मी खाली खुर्च्यांच्या पाठींवर परत वाळत घालायचे.